बाराव्या आठवड्यातला रक्तदाब



गरोदरपणातल्या रक्तदाबावर आपण डॉक्टर दर अधिवेशनात बोलतो. पण ते बोलणं सुरू होतं सातव्या-आठव्या महिन्यापासून: १४०/९० च्या पुढे गेलेला आकडा, लघवीत अल्ब्युमिन, डोळ्यांपुढे अंधारी आणि मग झटके. त्या घडीला मॅग्नेशियम सल्फेट हाताशी आहे. २००२ च्या ‘मॅगपाय’ चाचणीत, दहा हजारांहून अधिक स्त्रियांमध्ये, त्यानं झटक्यांचा धोका निम्म्याहून जास्त घटवला. पण प्री-एक्लॅम्पसिया हा आजार रुजतो त्याच्या कितीतरी आधी. वार धरताना गर्भाशयातल्या सर्पिल धमन्या नीट रुंदावल्या नाहीत, की वारेला रक्त अपुरं पडतं. पुढे तीच वार आईच्या रक्तात अशी द्रव्यं सोडते, की मूत्रपिंड, यकृत, मेंदू सगळ्यांनाच झळ पोचते. याची सुरुवात होते तेव्हा बाईचं पोटही दिसत नसतं.

म्हणून अकरा ते चौदा आठवड्यांमधली भेट मला सगळ्यांत मोलाची वाटते. २०१७ च्या ‘ॲस्प्रे’ चाचणीत याच काळात धोका जास्त ठरलेल्या स्त्रियांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं, छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत. सदतीस आठवड्यांआधी बाळंतपण करावं लागेल असा प्री-एक्लॅम्पसिया नुसत्या दिखाऊ गोळीच्या गटात ४.३ टक्के होता, ॲस्पिरिनच्या गटात १.६ टक्के. पूर्ण दिवसांच्या आजारावर मात्र फारसा फरक पडला नाही, हेही सांगायला हवं. तरीही अपुऱ्या दिवसांचं बाळ घेऊन जिल्ह्याच्या गावी धावणारी आई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या दोन आकड्यांमधलं अंतर समजावून सांगावं लागणार नाही.

गर्भाशयाच्या धमन्यांचा डॉपलर आणि रक्तातल्या पीएलजीएफ या वारेच्या प्रथिनाची तपासणी जिथे होते तिथे जरूर करावी. बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीला आलेल्या बाईचा डॉपलर त्याच बैठकीत होतो. पण ती सोय नाही म्हणून हात बांधून बसणं मला मान्य नाही. मागच्या खेपेला बीपी होतं का, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे का, जुळं आहे का, पहिलटकरीण असेल तर आईला किंवा बहिणीला हा त्रास झाला होता का, हे विचारायला यंत्र लागत नाही. आणि बीपी घ्यायचं ते पाच मिनिटं बसवून, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंडाच्या मापाचा पट्टा, दोन्ही हातांवर. धापा टाकत जिना चढून आलेल्या बाईचा घाईत घेतलेला आकडा कागदावर चढतो, तेव्हा आपण पुढच्या सहा महिन्यांचा पायाच कच्चा घालतो.

अडचण घरातही आहे. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. तिच्यामागची काळजी मी समजू शकते, पण ती सरेपर्यंत आपली वेळ निघून जाते. सोळाव्या आठवड्यानंतर सुरू केलेल्या ॲस्पिरिनचा गुण बराच ओसरतो. आशाताई सासूबाईंशी बोलते तेव्हा दार लवकर उघडतं, हा माझा अनुभव. गोळी लिहून देतानाच ती कशासाठी आहे हे घरच्यांना सांगा. नाहीतर ‘रक्त पातळ होईल’ म्हणून ती डब्यातच राहते. सातव्या महिन्यात माहेरी निघालेल्या मुलीच्या कार्डावरही ते ठळक लिहा, म्हणजे तिथले डॉक्टर ती मध्येच बंद करणार नाहीत.

सर्वांत कठीण गाठ ऊसतोडीची. दसरा-दिवाळीच्या सुमाराला जोडपी कारखान्याच्या वाटेला लागतात, आणि कोवळ्या दिवसांची बाई फडात पोचते ती कुठेही नोंद न होता.

उद्याच्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे. प्रत्येक सदस्याच्या दवाखान्यात पहिल्या भेटीच्या कागदावर वरच्या प्रश्नांची धोक्याची चौकट छापलेली असावी, आणि ऊसतोडीच्या तालुक्यांत टोळ्या निघण्याआधी आपण स्वतः तपासणीला जावं. बीड आणि अहिल्यानगरच्या सदस्यांनी आज संध्याकाळीच माझ्याकडे नावं द्यावीत. यंदाच्या हंगामाआधी सुरुवात करायची आहे.