वादळापूर्वी शेडच्या दाराकडे पाहा
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. रायगडात आणि रत्नागिरीच्या मंडणगड-दापोली भागात घरांची, गोठ्यांची छपरे उडाली. तेव्हापासून पत्र्याचे हुक, पत्र्याची जाडी यांवर आपण पुष्कळ बोलतो. दाराबद्दल मात्र कोणी विचारीत नाही. ट्रॅक्टर आत यावा म्हणून शेडला 10 फुटी शटर लावतो. साऱ्या शेडमध्ये एवढे मोठे आणि एवढे लेचेपेचे अंग दुसरे नसते.

थोडा हिशेब करू. ताशी 120 किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरवर सुमारे 68 किलो दाब देतो. 10 बाय 10 फुटांच्या शटरवर हा भार 600 किलोंच्या वर जातो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. शटर मधोमध वाकते, त्याची टोके बाजूच्या पट्ट्यांतून निसटतात आणि वारा आत घुसतो. बाहेरून वारा पत्रे वर ओढतच असतो, आता आतूनही ढकलू लागतो. फ्लोरिडात 1992 च्या अँड्र्यू वादळात मोटारी ठेवण्याच्या खोल्यांची रुंद दारे अशीच आत गेली आणि मागोमाग छपरे गेली. वाऱ्याला वाट हवी म्हणून एक दार उघडे ठेवावे, असे काही जण सांगतात. पत्र्याच्या शेडमध्ये तसे कदापि करू नये.

उपाय गावच्या वेल्डरकडून होण्याजोगा आहे. शटरच्या आतल्या बाजूस सारख्या अंतरावर 2 इंची, मध्यम जाडीचे दोन लोखंडी पाईप उभे करावेत. खालचे टोक बसण्यासाठी कोब्यात काँक्रीट करून पाईपचे तुकडे पुरावेत. वरचे टोक लिंटलला बोल्टने पक्क्या केलेल्या कड्यात अडकवावे. नुसत्या विटांत मारलेला खिळा येथे चालणार नाही. वादळाचा डोळा डोक्यावरून गेला तर वारा उलट दिशेने येतो आणि दार बाहेर ओढले जाते. म्हणून शटर या पाईपांना यू-बोल्टने जखडावे. दोन फळ्यांचे दार असेल तर हेच पाईप आडवे, अडसरासारखे घालावेत, आणि प्रत्येक फळीला तिसरी बिजागरी लावावी.

हे सर्व आतून बसते. तेव्हा बाहेर पडायला बाजूला लहान दार हवे. नसेल तर आधी गवंड्याला बोलवा. ट्रॅक्टर शटरला टेकवून ठेवणे हा उपाय नव्हे. खालचा भाग अडतो, पण वरचा वाकतोच, शिवाय ट्रॅक्टरलाही इजा होते.

एप्रिलमध्ये एकदा पाईप लावून पाहावेत. कोब्यातली भोके मातीने बुजतात, त्यांना एरवी लाकडी गुडदी ठोकून ठेवावी.