घरसफाईचा धंदा आणि नफ्याची गोष्ट



चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही ‘घरसफाईचा किफायतशीर धंदा’ असे सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता झाली. युनियनचा माणूस बोलणार तो संपावर किंवा किमान वेतनावर, असा त्यांचा अंदाज असावा, आणि तो गैर नव्हता. ‘नफा’ हा शब्द आम्ही तीस वर्षे सभांतून उच्चारला तो मूठ वळूनच. आता त्याच शब्दाची बाजू घेऊन उभे राहण्याची पाळी आली आहे. ती कशी आली तेच सांगावयाचे आहे. आमचे शिक्षण नववीपर्यंत. पुढचे सारे वाचनालयात आणि चाळीच्या जिन्यावर झाले. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली, आणि अर्थशास्त्र हा त्यांचा आवडीचा विषय. आम्ही त्या शास्त्रात मोरीच्या दाराने शिरतो आहोत, तेवढे आपण चालवून घ्यावे.

1980 साली पुण्यात मोलकरणींचा संप झाला तेव्हा आम्ही दहा वर्षांचे होतो. आमची आई पाच घरची धुणीभांडी करी. संपाच्या दिवसांत ती दुपारी घरी बसलेली आम्ही पहिल्यांदा पाहिली. त्या लढ्यातून शहरात मोलकरणींची संघटना उभी राहिली. पुढे 2008 साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. या लढ्यांविषयी आम्हांला अभिमान आहे. परंतु मधल्या काळात घरे बदलली. नवराबायको दोघे नोकरीला जाणारी कुटुंबे वाढली आणि दिवाळीपूर्वीची झाडझूड विकत घेण्याची रीत पडली. हे काम ठेकेदार घेऊ लागले. गिऱ्हाइकाकडून भरपूर पैसे घ्यावेत आणि बाईच्या हातावर दिवसाचे तीनचारशे टेकवावेत, असा प्रकार. तेव्हा आमच्या संघटनेतल्या अकरा बाया म्हणाल्या, “भाऊ, मधला माणूस कशाला? आपणच काम घेऊ.” आम्हीही म्हणालो, कशाला?

प्रत्येकीने हजार रुपये काढले. अकरा हजारांतून ओले-कोरडे दोन्ही ओढणारे एक जुने यंत्र साडेसहा हजारांना घेतले, अठ्ठावीसशेची ॲल्युमिनियमची शिडी घेतली, आणि उरलेल्या सतराशेत बादल्या, ब्रश, घासण्या व रबरी हातमोजे. सहकारी संस्था नोंदवायची तर निरनिराळ्या कुटुंबांतले किमान दहा सभासद लागतात. ते आमच्याकडे होते. उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असल्याने वस्तू व सेवाकराची, म्हणजे जीएसटीची, नोंदणी लागली नाही. सांगायचे हे की या धंद्यात शिरणे अवघड नाही. शिरणे सोपे असते म्हणूनच पुष्कळजण शिरतात आणि एकमेकांचा दर पाडतात.

आम्हीही तेच केले. दोन बेडरूमच्या फ्लॅटच्या संपूर्ण सफाईला ठेकेदारापेक्षा कमी म्हणून अठराशे रुपये दर लावला. हिशेब असा : तीन बाया, सहा तास, ताशी ऐंशी रुपये, म्हणजे 1440, साबण, सोडा, फिनेल वगैरे 160, उरले 200. पाच महिन्यांनी सभा घेतली आणि घरटी दोनशे रुपये नफा झाल्याचे आम्ही मोठ्या दिमाखाने वाचून दाखवले. टाळ्याही पडल्या. मग मागच्या रांगेतल्या एका वयस्क मावशींनी विचारले, “नफा झाला म्हणता, मग मला पूर्वीच्यापेक्षा कमी का उरतंय?”

आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. रात्री वही घेऊन बसलो. कामाच्या सहा तासांखेरीज जाण्यायेण्याचा दीड तास लागत होता. तो आम्ही धरलाच नव्हता. यंत्र आणि शिडी बसमध्ये चढवता येत नाही, म्हणून दोन्ही वेळची रिक्षा मिळून 240 रुपये होत होते. ते या तिघी आपसांत वाटून देत होत्या आणि कुणी बोलली नव्हती, कारण ‘संस्था आपली आहे’ असे आम्हीच त्यांना शिकवले होते. म्हणजे एकीला 480 मिळाले, त्यांतले 80 रिक्षात गेले, उरलेले 400 साडेसात तासांचे. तासाला त्रेपन्न रुपये! वहीत तोटा दिसत नव्हता, कारण तो बायांच्या अंगावर पडत होता. ज्या गोष्टीसाठी आम्ही तीस वर्षे मालकांच्या दारात घोषणा दिल्या तीच गोष्ट आमच्या हातून, आमच्याच अक्षरात, घडली होती. दोघी तोवर ठेकेदाराकडे परत गेल्या होत्या. त्यांना आम्ही मनातल्या मनात फितूर म्हटले होते, हेही येथे कबूल केले पाहिजे.

मग नव्याने मांडणी केली. साडेसात तास गुणिले तीन, ताशी ऐंशी : 1800. सामान 160, रिक्षा 240, यंत्राच्या दुरुस्तीसाठी बाजूला 100. झाले 2300. एवढ्यावर थांबले तरी चूकच होते. काम रोज मिळत नाही; आजारपणाची भरपगारी रजा द्यावयाची, अपघाताचा विमा उतरावयाचा, फोन धरून बसणारीला मोबदला द्यावयाचा. यासाठी शेकडा वीस, म्हणजे 460. झाले 2760. त्यावर शेकडा दहा नफा, 276. बेरीज 3036. आम्ही दर 3100 ठेवला. निम्मी गिऱ्हाइके एका महिन्यात गेली. तो महिना कसा काढला ते आमचे आम्हांला ठाऊक. परंतु उरलेल्यांतून तिघींच्या हाती पूर्वीपेक्षा जास्त पडले. नफा म्हणजे पुढच्या रिकाम्या आठवड्याचे धान्य आहे, एवढे अर्थशास्त्र आम्ही वयाच्या पन्नाशीत शिकलो.

येथून पुढचे व्यवहाराचे बोलतो. घर पाहिल्यावाचून दर सांगू नये. फोनवर सगळ्यांचीच घरे ‘तशी स्वच्छच’ असतात! स्वयंपाकघराच्या पंख्यावर किती वर्षांचे तेल बसले आहे, मोरीच्या फरशीवर क्षारांचे थर आहेत की नाहीत, लिफ्ट आहे की चार जिने, हे डोळ्यांनी पाहावे आणि कागदावर लिहून दोन्ही बाजूंनी सही करावी. कपाटे आतून पुसायची की बाहेरून, यावरून जितकी भांडणे झाली तितकी पैशांवरून झाली नाहीत.

कामाला क्रम असतो. आधी कोरडे, मग ओले. आधी छत, शेवटी फरशी. मात्र घरात शिरल्याबरोबर पहिल्यांदा ओट्यामागच्या टाइल्सना आणि पंख्याच्या पात्यांना धुण्याच्या सोड्याचे गरम पाणी लावून ठेवावे. तेलाचा थर जोराने निघत नाही, वेळ दिल्याने सुटतो. तो सुटेपर्यंत बाकीच्या खोल्यांतली जळमटे काढून होतात. तीन घरे केल्यावर ज्या बाईला हे समजते तिचा दिवस तासाभराने आखूड होतो.

ॲसिडविषयी मात्र थांबून सांगितले पाहिजे. संगमरवर आणि शहाबादी फरशी हे दोन्ही चुन्याच्या जातीचे दगड. त्यांवर संडास धुण्याचे ॲसिड पडले की फसफसते, आणि चकाकी गेली ती घासून येत नाही. आमच्या एका मुलीच्या हातून न्हाणीघराच्या संगमरवरी उंबऱ्यावर असेच ॲसिड सांडले. संस्थेने साडेचार हजार भरपाई दिली. तिच्या पगारातून एक पैसा कापला नाही, कारण दगड ओळखायला आम्ही तिला शिकवले नव्हते. याहून भयंकर म्हणजे ॲसिड आणि ब्लीचिंगचे पाणी एकत्र करणे. त्यातून क्लोरिन वायू निघतो; बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो. आमच्याकडे या दोन बाटल्या एका बादलीत ठेवण्यासही मनाई आहे. खिडकीबाहेरच्या कठड्यावर कुणी उभे राहावयाचे नाही, गिऱ्हाईक कितीही रागावले तरी.

आता गिऱ्हाइकाशी ठरवण्याच्या दोन अटी. पहिली, दागिने आणि रोकड मालकाने स्वतः कुलपात ठेवावी व किल्ली स्वतःजवळ बाळगावी. एका खोलीत आमच्या दोघी असतील. काही हरवले असे वाटल्यास तक्रार लेखी द्यावी. उंबरठ्यावर कुणाची पिशवी उलटी करावयाची नाही. दुसरी अट लिहिताना आमच्यातच मतभेद झाले. ती अशी : सहा तास काम करणाऱ्या बाईला पिण्याचे पाणी मिळावे आणि घरातला संडास वापरता यावा. जो संडास तिने हाताने घासून लख्ख केला, तोच तिला नाकारणारी घरे या शहरात आहेत, सभागृहातही असतील. काहीजणी म्हणाल्या, ही अट घातली तर कामे जातील. कामे गेलीही. एका गृहस्थांनी ती ओळ खोडून सही केली. कागद आम्ही तसाच परत पाठवला. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात राहते घरसुद्धा कामाची जागा धरले आहे, आणि घरकामगार बाईला तक्रार घेऊन जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. आमची प्रत्येक सभासद हे तोंडपाठ म्हणून दाखवते.

2025 पासून मोठ्या शहरांतून मोबाइलवर बोट ठेवताच पंधराएक मिनिटांत मदतनीस पाठवणाऱ्या कंपन्या आल्या आहेत. त्यांच्यामागे गुंतवणूकदारांचा पैसा आहे. सुरुवातीचा तोटा त्या सोसू शकतात. दरात त्यांच्याशी झुंजणे म्हणजे डोके फोडून घेणे. आम्ही उलटी वाट धरली : पायी जाता येईल एवढ्याच टापूतली कामे, तेच चेहरे, ठरलेला वार. रिक्षाचे 240 वाचले की ते थेट धंद्याचे. दिवाळीपूर्वीच्या दीड महिन्यात काम मावत नाही आणि भर पावसाळ्यात फोन वाजत नाही. म्हणून दिवाळीच्या मिळकतीतला पाचवा हिस्सा वेगळ्या खात्यात जातो आणि आषाढात पगाराला निघतो. शिवाय चार इमारतींचे जिने महिन्याच्या कराराने घेतले. जिन्यात फार सुटत नाही, पण ते दर महिन्याला येते.

फितूर म्हटलेल्या त्या दोघी गेल्या वर्षी परत आल्या. आता सभासद चौदा आहेत. यंदा सगळे खर्च व राखीव निधी वजा जाता एकतीस हजार रुपये उरले. आम्ही ते बोनस म्हणून वाटावेत असे सुचवले. युनियनच्या माणसाला दुसरे काय सुचणार? बायांनी तासभर वाद घातला, मते घेतली. नवे यंत्र आणि बुटक्या बायांसाठी एक लहान शिडी घ्यावी, या बाजूने नऊ मते पडली, बोनसच्या बाजूने पाच. पहिला प्रश्न विचारणाऱ्या मावशी त्या पाचांत होत्या. दुसऱ्या दिवशी यंत्र पाहायला दुकानात मात्र त्याच सर्वांत आधी जाऊन बसल्या होत्या, आणि दुकानदाराला दुरुस्तीचा खर्च कोण करणार, असे विचारत होत्या.