संस्कृतची दूरदेशीची बहीण

आज एका परक्या भाषेची ओळख करून द्यायची आहे. पण सुरुवात आपल्या घरातूनच करू. आमच्या पनवेल तालुक्यातल्या एखाद्या गावी लग्न लागते. नवी नवरी उंबरठ्यावरचे माप ओलांडून आत येते आणि त्या क्षणापासून ती त्या घरची सून होते. तिला सासू मिळते, सासरा मिळतो, दीर मिळतो आणि थोरली जाऊही मिळते. हे शब्द आपण रोज वापरतो; त्यांत विशेष काही आहे असे आपल्या मनातही येत नाही.

आता जरा युरोपात जाऊ. युरोपच्या आग्नेय भागात, डॅन्यूब नदीच्या काठी, सर्बिया नावाचा देश आहे. पूर्वी तो युगोस्लाव्हियाचा भाग होता. १९६१ साली अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली आणि पंडित नेहरू तिला गेले, ते बेलग्रेड शहर आज याच देशाची राजधानी आहे. तिथल्या खेड्यातही मुलगी सासरी जाते. तिथे सून म्हणजे 'स्नाहा', सासू म्हणजे 'स्वेक्रवा', सासरा 'स्वेकर', दीर 'देवेर' आणि जाऊ 'येत्रवा'. यांच्याशेजारी संस्कृत शब्द ठेवून पाहा: स्नुषा, श्वश्रू, श्वशुर, देवर, यातृ. आपले सून, सासू, सासरा, दीर आणि जाऊ हे शब्द याच संस्कृत शब्दांपासून, प्राकृताच्या वाटेने आले आहेत. म्हणजे सारे सासरच जुळले! एक नणंद तेवढी जुळत नाही, बरं का. संस्कृतात ती 'ननान्दृ' आणि सर्बियनमध्ये 'झाओवा'. नणंदेने इथेही आपले वेगळेपण राखले, असे एखादी सून म्हणेल!

विनोद राहू द्या. हे साम्य आले कुठून? शब्द एका भाषेतून दुसरीत व्यापारानेही जातात. आपल्या दुकानाला सर्बियनमध्ये 'दुचान' म्हणतात आणि साखरेला 'शेचेर'. पण दुकान हा शब्द मूळ अरबी. तो फारसीतून आपल्याकडे आला आणि तुर्कीतून तिकडे गेला. साखर ही तर आपली शर्करा. इराणातून, तुर्कस्तानातून ती सर्बियात पोहोचली. हे शब्द पाहुणे आहेत, नातेवाईक नव्हेत. मग नातेवाईक कोण, हे ओळखायचे कसे?

त्याची कसोटी अशी: नुसते साम्य उपयोगाचे नाही, साम्यात नियम दिसला पाहिजे. संस्कृतात जिथे 'भ' आहे, तिथे सर्बियनमध्ये 'ब' येतो. भ्रातृ म्हणजे 'ब्रात', नभस् म्हणजे 'नेबो'. 'ध'च्या जागी 'द' येतो. मधु म्हणजे 'मेद', धूम म्हणजे 'दिम', विधवा म्हणजे 'उदोवित्सा'. दश आणि शत यांतल्या 'श'च्या जागी 'स' येतो: 'देसेत' आणि 'स्तो'. एखादा शब्द योगायोगाने जुळेल. पण शब्दांच्या रांगाच्या रांगा एकाच नियमाने जुळतात, तेव्हा तो योगायोग राहत नाही.

मागे शिक्षकांच्या एका मेळाव्यात मी हे सांगत होतो. एका गुरुजींनी लगेच विचारले, "म्हणजे सर्बियन भाषा संस्कृतातून निघाली, असं मुलांना सांगू ना?" मी म्हटले, "गुरुजी, तेवढे मात्र सांगू नका."

का सांगू नये? तोच नियम आणखी थोडा पुढे नेऊ. संस्कृतात 'दश' आणि 'अष्ट' या दोन्ही शब्दांचा पहिला स्वर 'अ'. सर्बियनमध्ये दहाला 'देसेत', तिथे 'ए'; आठाला 'ओसम', तिथे 'ओ'. आता लॅटिन पाहा: दहाला 'देकेम', आठाला 'ओक्तो'. ग्रीकमध्ये 'देका' आणि 'ओक्तो'. या तिन्ही भाषा संस्कृतच्या मुली असत्या, तर एकाच 'अ'चा एका शब्दात 'ए' आणि दुसऱ्या शब्दात 'ओ' करायचा, हे त्यांनी एकमेकींना विचारून ठरवले काय? तेव्हा उलगडा एकच होतो. याहून जुन्या एका भाषेत 'ए' आणि 'ओ' वेगळे होते. संस्कृतात ते 'अ'मध्ये मिसळून गेले. उलट 'भ' आणि 'ध' संस्कृतने जपले, ते सर्बियनने गमावले. आईच्या मागे दोन बहिणींनी दागिने वाटून घ्यावेत, एकीकडे पाटल्या जाव्यात आणि दुसरीकडे पुतळ्यांची माळ, तसे हे आहे. संस्कृत ही सर्बियनची आई नव्हे. ती बहीण आहे. त्या दोघींची मूळ माउली लिहिलेल्या रूपात कुठेच उरलेली नाही. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्याविषयी असाच तर्क मांडला होता.

यात संस्कृतचा मोठेपणा कमी होतो काय? मुळीच नाही. पाणिनीसारखा वैयाकरण लाभलेल्या भाषेला खोट्या थोरवीची गरज नाही.

आपली मराठीही या घराण्यातलीच. हिंदीने नपुंसकलिंग टाकून दिले. मराठीने ते राखले आणि सर्बियननेही राखले. आपण तो, ती, ते म्हणतो. ते 'ओन, ओना, ओनो' म्हणतात. आपले 'मूल' नपुंसकलिंगी आणि मुलासाठी त्यांचा शब्द 'देते', तोही नपुंसकलिंगीच!

शेवटी एका माणसाविषयी सांगतो. वुक कराजिच यांचा जन्म १७८७ साली एका सर्बियन खेड्यात झाला. त्या काळी शिकलेली माणसे धर्मग्रंथांच्या जुन्या वळणाची भाषा लिहीत आणि खेडुतांची बोली गावंढळ मानत. वुक यांनी शेतकऱ्यांच्या, धनगरांच्या, गाणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडची भाषा टिपून घेतली. १८१४ मध्ये तिचे व्याकरण आणि १८१८ मध्ये सुमारे २६ हजार शब्दांचा कोश त्यांनी प्रसिद्ध केला. जसे बोलतो तसे लिहावे, हा त्यांचा आग्रह. त्यांना विरोध पुष्कळ झाला; पण त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १८६८ साली, त्यांचे लेखन सर्बियात मान्य झाले. ज्ञानेश्वरांची मराठी ज्यांच्या घरात आहे, त्यांना या आग्रहाचे मोल वेगळे सांगायला नको.

आमच्या भागातल्या आगरी घरातले मूल शाळेत येते आणि 'पाणी' न म्हणता 'पानी' म्हणते. त्याला ताबडतोब 'अशुद्ध' म्हणून हिणवले जाते. संस्कृत शब्द आहे 'पानीय'. त्यात 'न'च आहे! म्हणून ते मूल संस्कृत बोलते असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर मघाच्याच चुकीत मी पडेन. त्याच्या बोलीने 'ण'चा 'न' आपल्या नियमाने केला आहे, इतकेच. पण ज्यात नियम आहे, त्याला अशुद्ध कसे म्हणावे? लिहिण्याची प्रमाणभाषा मुलाला जरूर शिकवावी. तिच्यावाचून त्याचे पुढे अडेल. पण त्याच्या आईच्या बोलीची लाज वाटायला शिकवू नये. सून, सासू, जाऊ हे हजारो वर्षांचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचले ते केवळ पोथ्यांतून नव्हे. ज्यांना अक्षरओळख नव्हती, अशा कितीतरी आयाबायांनी ते चुलीपाशी बोलत बोलत पुढच्या पिढीच्या हाती दिले.