पहिला प्रोग्रॅम चालत नाही तेव्हा

संगणकाची भाषा शिकायला बसलेल्या मुलाचा पहिला प्रोग्रॅम अगदी छोटा असतो. पडद्यावर दोन शब्द उमटवायचे, बस्स. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास ‘सी’ ही भाषा घडवली. पुढे १९७८ साली ब्रायन कर्निगन आणि रिची यांनी मिळून त्या भाषेचं पुस्तक लिहिलं. त्यातला पहिला धडा ‘हॅलो, वर्ल्ड’ एवढंच छापण्याचा आहे. पण खरा मोठा अडसर हाच, असं हे दोघे तिथेच बजावतात. मजकूर लिहून तो यंत्राकडून चालवून घेणं एकदा जमलं, की पुढचं त्यामानाने सोपं. आपल्याकडे मात्र नेमकं हेच मुलाला घरी आपोआप जमेल असं धरून चालतात आणि वर्गात व्याख्या लिहून देतात.

मी बीए झालेला, कविता लिहिणारा माणूस. या विषयावर मी का बोलावं? तर आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत संध्याकाळी मुलं लॅपटॉप घेऊन बसतात आणि पडद्यावरचं इंग्रजी वाचून सांगायला मला हाक मारतात. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी म्हणाली, ‘चाचा, मी कोर्स बदलते. तीन दिवस झाले, एक ओळ चालत नाही. हे माझ्या डोक्याचं काम नाही.’ पाहिलं, तर तिच्या प्रोग्रॅममध्ये काहीच चूक नव्हती. तिच्या लॅपटॉपवर कंपायलरच नव्हता!

तिने ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ उतरवून घेतला होता. तो एडिटर आहे, म्हणजे लिहायची वही. वहीत लिहिलेलं यंत्राच्या भाषेत नेणारा दुभाषी तो कंपायलर, आणि तो वेगळा आणावा लागतो. ‘जीसीसी’ हा १९८७ सालापासूनचा, फुकट मिळणारा असा एक कंपायलर. विंडोजवर तो ‘मिनजीडब्ल्यू’ या नावाच्या संचातून येतो. कंपायलरला मराठी परिभाषेत ‘संकलक’ म्हणतात, आणि हा शब्द मला आवडतो. अमेरिकन नौदलातल्या ग्रेस हॉपर यांनी १९५२ साली पहिला कंपायलर तयार केला. त्यांचा प्रोग्रॅम आधी लिहून ठेवलेले तुकडे गोळा करून एकत्र जोडत असे, म्हणून त्यांनी त्याला हे नाव दिलं. प्रातिनिधिक कवितासंग्रहाचा संकलक तरी दुसरं काय करतो?

कंपायलर आणला, तरी दुसऱ्या दिवशी तक्रार तीच. काळ्या खिडकीत ‘जीसीसी’ टाइप केलं, की विंडोज म्हणतं, या नावाची आज्ञा मला ओळखता येत नाही. इथे मुलं घाबरतात आणि सगळं पुसून पुन्हा उतरवतात. तसं करू नये. कंपायलर डिस्कवर असतो, पण विंडोजला त्याचा पत्ता ठाऊक नसतो. सोसायटीच्या फाटकावरच्या वॉचमनकडे वही असते, त्या वहीत नाव नसेल तर तो तुम्हाला आत सोडत नाही, मग तुम्ही तिथलेच रहिवासी का असेना. विंडोजच्या अशाच वहीचं नाव ‘पाथ’. आज्ञा मिळाली की विंडोज सगळी डिस्क धुंडाळत बसत नाही, पाथमध्ये नोंदवलेल्या फोल्डरांत बघतं आणि हात वर करतं. म्हणून जीसीसी ज्या ‘बिन’ नावाच्या फोल्डरमध्ये बसलाय, त्याचा पूर्ण पत्ता पाथमध्ये भरायचा. स्टार्टच्या शोधपट्टीत ‘एन्व्हायर्न्मेंट’ लिहिलं की ती जागा सापडते.

आणि एक बारीकशी गोष्ट, जिच्यापायी मी मुलांच्या संध्याकाळी वाया जाताना पाहिल्यात. काळी खिडकी उघडते त्या क्षणी ती पाथची नक्कल स्वतःजवळ घेते. नंतर तुम्ही पाथ दुरुस्त केलात, तरी आधीपासून उघडी असलेली खिडकी जुनीच यादी धरून बसते. ती बंद करून नवी उघडा. एडिटरही बंद करून पुन्हा सुरू करा. मग ‘जीसीसी’, एक मोकळी जागा, दोन आडव्या रेघा आणि त्यांना लागून ‘व्हर्जन’ असं टाइप करा. आवृत्तीचा आकडा दिसला, की पत्ता लागला.

यानंतरचे घोटाळे फाईलचे. विंडोज फाईलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं. नोटपॅडमध्ये लिहिलेली ‘हॅलो डॉट सी’ प्रत्यक्षात ‘हॅलो डॉट सी डॉट टीएक्सटी’ असते, मग कंपायलरला ती सापडणार कशी? नावाचं शेपूट दिसेल अशी सोय फोल्डरच्या ‘व्ह्यू’मध्ये आहे, ती पहिल्याच दिवशी करून घ्यावी. फाईल एका फोल्डरमध्ये आणि काळी खिडकी दुसऱ्याच फोल्डरमध्ये, हाही रोजचा प्रकार.

त्याच मुलीला नंतर एक संदेश आला. ‘विनमेन’ नावाची कुठलीशी वस्तू सापडत नाही. ती रडकुंडीला आली, ‘चाचा, हा शब्द मी लिहिलेलाच नाही!’ खरंच नव्हता लिहिला. तिने पडद्यावर प्रोग्रॅम लिहिला होता, पण फाईल सेव्ह केली नव्हती. एडिटरमध्ये फाईलच्या नावाशेजारचा गोल ठिपका तेच सांगत होता. डिस्कवरची फाईल रिकामी होती. कंपायलरने रिकाम्या कागदाचं इमानाने भाषांतर केलं, आणि तुकडे जोडणारा ‘लिंकर’ सुरुवातीची जागा शोधत राहिला. ‘मेन’ न मिळाल्याने त्याने ‘विनमेन’साठी हाका मारल्या. संदेशातलं नाव अनोळखी असलं, तरी चूक साधीच असू शकते.

माझ्या धंद्याशी नातं सांगणारी चूक अवतरणचिन्हांची आहे. आम्हा लिहिणाऱ्यांना छापलेल्या पानावर वळणदार अवतरणचिन्हं लागतात. सरळ उभी आली, तर मुद्रितशोधक खूण करतो. कंपायलरला नेमकी सरळ उभीच हवीत. नोट्सच्या वर्ड फाईलमधून किंवा पीडीएफमधून प्रोग्रॅम उचलून चिकटवला, की वळणदार चिन्हं सोबत येतात आणि कंपायलर ‘स्ट्रे’, म्हणजे भटकं अक्षर सापडल्याची तक्रार करतो. डोळ्यांना फरक दिसत नाही. चिन्हं खोडून आपल्या हाताने टाइप केली, की प्रोग्रॅम चालतो. म्हणून चिकटवू नका, हाताने लिहा.

नोट्सच जुन्या असतील तर आणखी पंचाईत. आपल्या कितीतरी कॉलेजांत वर्षानुवर्षं निळ्या पडद्याच्या टर्बो सीवर शिकवलं गेलं. तो डॉसच्या जमान्यातला. ६४ बिटांच्या विंडोजवर तो थेट चालत नाही, डॉसबॉक्सचा आधार द्यावा लागतो. त्या काळच्या सी-प्लस-प्लसच्या वहीत पहिली ओळ ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ अशी असते. या भाषेचं प्रमाण रूप १९९८ साली ठरलं, त्यात ‘डॉट एच’ गळालं. आजचा कंपायलर जुन्या ओळीवर अडतो, फाईल सापडत नाही म्हणतो. मुलगी मात्र समजते की आपलंच चुकलं. सरांनी लिहून दिलेलं चुकीचं कसं असेल? मला इथे शिक्षकांचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही. दर वर्षी एकदा तरी आपल्या नोट्स आजच्या कंपायलरवर चालवून पाहायला काय हरकत आहे?

दोष प्रोग्रॅमचा की मांडणीचा, हे कळत नसेल तर एक उपाय आहे. इंटरनेटवर ब्राउझरमध्ये चालणारे कंपायलर आहेत, मोबाईलवरही उघडतात. तोच प्रोग्रॅम तिथे टाका. तिथे चालला तर तुमचं लिहिणं ठीक आहे, घोळ लॅपटॉपवरच्या मांडणीत आहे. तिथेही अडला, तर संदेश वाचा, आणि पहिला आधी वाचा. एक महिरपी कंस राहिला तरी पुढे संदेशांची रांग लागते. त्यातले बरेचसे पहिल्याची पिल्लं असतात. संदेशात ओळीचा क्रमांक असतो. त्या ओळीत काही दिसलं नाही, तर वरच्या ओळीच्या शेवटी अर्धविराम आहे का पाहा. एकच गोष्ट बदला आणि पुन्हा चालवा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही.

आणि कुणाला मदत मागायची तर फोनवर नुसतं ‘चालत नाही’ म्हणू नका. पडद्याचा तिरका फोटोही पाठवू नका, त्यात पहिली ओळ नेमकी कापली जाते. खिडकीतला सगळा मजकूर कॉपी करून, तुम्ही टाइप केलेल्या आज्ञेसकट पाठवा.