गाणारी बाई आणि आपला मंच



गाणारी बाई म्हटली की तिला नावं ठेवायची, ही आपल्याकडची जुनी खोड. गाणं ऐकायला सारे पुढे. पण आपलीच लेक मंचावर गाते म्हटलं की, लोक काय म्हणतील! हा समज मोडणाऱ्या दोघींविषयी आम्ही बोलणार आहोत.

औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात. नवरा गेल्यावर एकतारीवर भीमगीते गाऊन त्यांनी लेकरं जगवली. विधवेने कोपऱ्यात बसावे, हा रिवाज त्यांनी भाषण न देता मोडला. मोबाईलवरून त्यांचा आवाज गावोगाव पोचला.

दुसरी जालंधरची गिन्नी माही. पंजाबी पॉप गाण्यांत पोरगी बहुतेक वेळा नटूनथटून मिरवण्यापुरतीच. हिने त्याच ठेक्यावर संत रविदास आणि बाबासाहेब गायिले. कॉलेजात जात विचारली गेली, तर तिने ती २०१६ साली गाजलेल्या गाण्यात अभिमानाने सांगितली.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेब म्हणाले होते की, समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. त्या परिषदेच्या अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. म्हणजे मंच बाईकडे होता. मग दारव्ह्यात चौदा एप्रिलला बायांनी सतरंजीवर बसून नुसत्या टाळ्याच वाजवायच्या का?

आमचं मागणं साधं आहे. पेटी-ढोलकीची साथ द्या, माईक पोरींच्या हाती द्या, नि गाणं कोणतं ते त्यांनाच ठरवू द्या.

जय भीम!