कोठार आणि वरची खोली



कलावंत जोडप्यांबद्दल बोलताना आपण दारू आणि भांडणांतच रमतो. चित्रकार जॅक्सन पोलॉक आणि ली क्रास्नर यांच्या घरी दोन्ही भरपूर होतं. मी मात्र बोलणार आहे जागेबद्दल.

१९४५ साली लग्न करून दोघं लाँग आयलंडवरच्या स्प्रिंग्ज गावी राहायला गेले. आवारातलं जुनं कोठार पुढच्या वर्षी जॅक्सनचा स्टुडिओ झालं. जमिनीवर कॅनव्हास पसरून, वरून रंग ओतून केलेली त्याची गाजलेली चित्रं तिथलीच. ली माडीवरच्या झोपायच्या खोलीत रंगवायची. तिची तेव्हाची 'लिटल इमेजेस' मालिका छोट्या चित्रांची आहे. त्यात 'बायकी नाजूकपणा' शोधण्याआधी कुणीतरी त्या खोलीची मापं घ्यावीत!

११ ऑगस्ट १९५६ रोजी दारूच्या नशेत गाडी चालवताना जॅक्सन गेला. सोबत त्याची प्रेयसी होती, ती वाचली. तिची मैत्रीण मात्र हकनाक मेली. ली तेव्हा युरोपात होती.

पुढं लीनं कोठार स्वतःकडे घेतलं. तिचं १९५७चं 'द सीझन्स' जवळपास १७ फूट रुंद आहे. आता ते घर संग्रहालय आहे. कोठाराच्या जमिनीवर जॅक्सनचे रंग दिसतात, भिंतींवर लीचे.