सैनिकाला दिलेला शब्द
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या वाढदिवशी हळदीकुंकू, गाणी आणि फराळ सोडून मी पेन्शनीचा आणि दवाखान्याचा विषय काढणार आहे, याबद्दल काहीजणी मनात रागावतील. पण आपल्या आळीत पलटणीतून परतलेल्यांची घरे किती आहेत, हे तुम्ही जाणताच. माझेही घर त्यांतलेच. आमच्या यजमानांनी अठ्ठावीस वर्षे फौजेत काढली. मी सांगणार आहे ती हकीकत मात्र अमेरिकेतील निवृत्त सैनिकांची. इतक्या लांबचे कशाला, असे एखादीने विचारू नये. सैनिकाच्या घरची काळजी सगळीकडे एकाच जातीची असते.

दुसऱ्या महायुद्धात आणि पुढे कोरियाच्या लढाईच्या वेळी तिकडे भरती करणारे अधिकारी तरुण मुलांना सांगत, की बाबा, वीस वर्षे नोकरी कर, म्हणजे तुला आणि तुझ्या बायकोला जन्मभर औषधपाणी फुकट मिळेल. पगार बेताचाच होता. बदल्या, परमुलुख, मुलांच्या शाळांचे हाल, हे सगळे या एका आशेवर सोसले गेले. ही काही चावडीवरची आवई नव्हती. पुढे कोर्टात खुद्द सरकारने कबूल केले, की असा शब्द दिला जात होता आणि तो वरिष्ठांच्या सांगण्यावरूनच दिला जात होता.

पण शब्द तोंडी होता. कायद्यात तो नव्हता. १९५६ साली तिथल्या काँग्रेसने, म्हणजे त्यांच्या संसदेने, याविषयी कायदा केला. त्यात निवृत्तांना लष्करी इस्पितळात उपचार मिळतील असे म्हटले, पण जागा आणि डॉक्टर मोकळे असतील तरच. जागा असेल तर! एस. टी.चा कंडक्टर दारात उभा राहून हेच म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ काय ते आपल्याला पुरते ठाऊक असते. त्या लोकांना मात्र तो बरीच वर्षे कळला नाही, कारण इस्पितळे पुष्कळ होती आणि जागाही असे. १९६६ साली चॅम्पस नावाची योजना निघाली. तिच्यातून बाहेरच्या डॉक्टरांच्या बिलाचा काही भाग मिळू लागला. तिच्यातही मेख होती. माणूस पासष्ट वर्षांचा झाला, की चॅम्पस बंद; मग त्याने इतर नागरिकांप्रमाणे मेडिकेअर या सरकारी योजनेत जावे. मेडिकेअरमध्ये त्या काळी घरी घ्यायच्या गोळ्या-औषधांचे पैसे मिळत नसत, आणि बिलाचा एक वाटा रोग्यालाच भरावा लागे.

पुढे शीतयुद्ध सरत आले आणि लष्करी तळ बंद करण्याची लाट आली. १९८८, १९९१, १९९३ आणि १९९५ अशा चार फेऱ्यांत कितीतरी तळांना कुलपे लागली, आणि तळाबरोबर तिथले इस्पितळही गेले. इस्पितळ जवळ आहे म्हणून ज्यांनी म्हातारपणासाठी त्या गावी घरे घेतली होती, त्यांची काय दशा झाली असेल, याची कल्पना करा. सगळ्यांत झोंबणारी गोष्ट वेगळीच होती. त्याच सरकारच्या कचेरीतला कारकून निवृत्त झाला, तर पासष्टीनंतरही त्याचा सरकारी आरोग्य विमा चालू राहत असे. बंद पडत असे तो सैनिकाचा.

२००१ साली मी फ्लॉरिडा राज्यात लेकीकडे सहा महिने राहिले होते. शेजारी हवाई दलातल्या एका निवृत्त माणसाची विधवा राहत असे. वय पंचाहत्तरीच्या पुढे. तिला मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता आणि माझे इंग्रजी आपले जेमतेम, तरी आमचे चांगले जमले. रक्तदाबाच्या गोळ्या ती सुरीने अर्ध्या करून घेई, म्हणजे महिन्याची पुडी दोन महिने पुरे. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात तिने नवऱ्याचे सगळे कागद जपून ठेवले होते, आणि दर महिन्याला न चुकता ती आपल्या काँग्रेस सभासदाला पत्र लिही. उत्तर छापील येई. ते वाचून ती हसे आणि पुढचे पत्र लिहायला बसे. तिने मला विचारले, "तुमच्याकडे कसे आहे?" मी म्हटले, "आमच्याकडेही मिलिटरी हॉस्पिटलात खाट मोकळी असली तर." यावर आम्ही दोघी पुष्कळ हसलो, पण ते हसू काही फार आनंदाचे नव्हते.

आता हे लोक लढले कसे, ते सांगते, कारण मला तेच सांगायचे आहे. संघटना त्यांच्यात पूर्वीपासून होत्या, पण अधिकाऱ्यांची वेगळी, सार्जंटांची वेगळी, नौदलवाल्यांची वेगळी. मिलिटरी कोएलिशन या नावाखाली अशा तीसहून अधिक संघटना एकत्र आल्या, तेव्हा कुठे वॉशिंग्टनला त्यांचे एकमुखाने ऐकू जाऊ लागले. आणि भगिनींनो, यात बायका मागे नव्हत्या. १९६९ साली काही सैनिकपत्नींनी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसून एक संस्था काढली. तोवर निवृत्त सैनिक गेला, की बहुतेक घरांतली पेन्शनही त्याच्याबरोबर जाई. या बायकांनी पाठपुरावा केला, आणि १९७२ साली विधवांना पेन्शनीचा भाग मिळण्याचा कायदा झाला. तीन वर्षांत! आपल्या मंडळाच्या दारासमोरचा दिवा लागायला किती वर्षे लागली, ते चिटणीसबाईंना विचारा.

औषधपाण्याचा लढा दोन अंगांनी चालला. एक कोर्टात, दुसरा काँग्रेसपुढे. कोर्टातल्या लढ्याचे पुढारी होते कर्नल बड डे. हे व्हिएतनामच्या युद्धात १९६७ साली शत्रूच्या हाती सापडले, एकदा निसटले, पुन्हा पकडले गेले आणि १९७३ पर्यंत कैदेत राहिले. अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक, आपल्या परमवीरचक्राच्या मानाचे, त्यांना मिळाले होते. शिवाय ते वकील! १९९६ साली विल्यम शिझम आणि रॉबर्ट रेनली या हवाई दलाच्या दोन वृद्ध निवृत्त अधिकाऱ्यांच्या वतीने त्यांनी सरकारवर दावा लावला. खालच्या कोर्टात हार झाली. २००१ च्या फेब्रुवारीत अपिलात जीत झाली. मी तेव्हा तिथेच होते; शेजारणीने त्या दिवशी केक केला होता. पण सरकारने फेरसुनावणी मागितली, आणि २००२ च्या नोव्हेंबरात त्याच कोर्टाच्या मोठ्या पीठाने नऊ विरुद्ध चार मतांनी दावा फेटाळला. २००३ साली सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि तो रस्ता कायमचा संपला.

न्यायाधीशांनी त्या म्हाताऱ्यांविषयी सहानुभूती दाखवली. पण तिजोरीतून पैसा देण्याचे वचन देण्याचा अधिकार फक्त काँग्रेसला आहे, भरती अधिकाऱ्याला किंवा त्याच्या साहेबाला नाही, असे ते म्हणाले. ऐकून संताप येतो. तरी मला वाटते, की न्यायाधीशांचे अगदीच चूक नव्हते. कोणीही अधिकारी उठून लोकांच्या पैशावर वाटेल तो शब्द देऊ लागला, तर लोकसभेला अर्थ काय राहिला? चूक होती ती शब्द देऊन चाळीस वर्षे तो कागदावर न आणणाऱ्यांची.

कोर्टात हरण्यापूर्वीच हे लोक दुसरीकडे बरेच जिंकले होते. पत्रे, भेटी आणि सभा यांचा भडिमार इतका झाला, की २००० च्या ऑक्टोबरात काँग्रेसने केलेल्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केली. त्याने १ एप्रिल २००१ पासून पासष्टीवरच्या निवृत्तांना औषधे मिळू लागली, आणि १ ऑक्टोबर २००१ पासून ट्रायकेअर फॉर लाइफ ही योजना सुरू झाली. आधी मेडिकेअर पैसे देते, उरलेले बहुतेक ही योजना देते. माझ्या शेजारणीची सुरी एप्रिलातच पुन्हा भाजी चिरण्यापुरती राहिली.

सगळे मिळाले असे मात्र नाही. या योजनेसाठी मेडिकेअरचा एक हप्ता भरणे सक्तीचे आहे. २००१ साली तो महिना पन्नास डॉलर होता. तेव्हा जे फुकट म्हणून सांगितले होते, ते फुकट झालेच नाही. बड डे यांच्या बरोबरच्यांना ते शेवटपर्यंत टोचत राहिले. ते २०१३ साली वारले. शिवाय मिळालेलेही राखावे लागते. २००६ साली तिथल्या संरक्षण खात्याने पासष्टीच्या आतल्या निवृत्तांची फी बरीच वाढवण्याचे योजले, तेव्हा याच संघटनांनी काँग्रेसकडून ते काही वर्षे रोखून धरले. अखेर २०११ च्या ऑक्टोबरात नव्या कुटुंबाची वर्षाची फी ४६० वरून ५२० डॉलर झाली. सरकारचे म्हणणे, खर्च झेपत नाही. तेही खोटे नसेल, पण तो हिशेब भरतीच्या दिवशी करायचा होता.

आपल्याकडे १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी ई. सी. एच. एस. योजना आहे. तीत पेन्शनर, त्याची पत्नी आणि कुटुंबपेन्शन घेणारी विधवा यांना पॉलिक्लिनिकमध्ये आणि नेमलेल्या इस्पितळांत उपचार मिळतात. म्हणजे शब्द कागदावर आहे. अडते ते आपल्या नावापाशी. माहेरचे नाव एक, लग्नात ठेवलेले दुसरे, डिस्चार्ज बुकात साहेबाने लिहिलेले तिसरे, आणि आधार कार्डावर चौथेच! आपल्या आळीतल्या एका काकूंना नवरा गेल्यावर सात महिने याच कारणाने एका कचेरीचे जिने चढावे लागले. 'शांताबाई' आणि 'शांता' या निरनिराळ्या बायका आहेत, असे तिथल्या कारकुनाचे म्हणणे.

नवरा हयात असताना रेकॉर्ड ऑफिसकडून पार्ट टू ऑर्डरने नाव दुरुस्त करून घेणे सोपे पडते. मागाहून फार कठीण होते. तेव्हा येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता डिस्चार्ज बुक, पी. पी. ओ. आणि आधार कार्ड घेऊन मंडळात या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्जाचे नमुने मी आणून ठेवले आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज मी आणि चिटणीसबाई लिहून देऊ. कागद मात्र अस्सल आणा, झेरॉक्स आपण समोरच्या दुकानात काढू.